यंत्राचे अनुमान आणि वैद्याची परीक्षा : एपिटोप-भाकिताचा अभ्यासपाठ

प्रास्ताविक

व्याधिक्षमत्व हा आपल्या शास्त्राचा जुना विषय आहे. सर्व शरीरे व्याधीचा प्रतिकार करण्यास सारखीच समर्थ नसतात, हा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात आलेला आहे. एकाच घरातील चार माणसांना एकच ज्वर निरनिराळ्या तीव्रतेने होतो, हे आपण नित्य पाहतो. असे का होते, याचा शोध आधुनिक रोगप्रतिकारशास्त्र रेणूंच्या पातळीवर घेत आहे आणि त्या शोधात आता संगणकही सहभागी झाला आहे. रोगजंतूच्या प्रथिनातील नेमका कोणता तुकडा शरीर ओळखील, याचे भाकीत 'डीप लर्निंग' या पद्धतीने केले जाते.

हा विषय वैद्यांच्या त्रैमासिकात कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे कारण व्यावहारिक आहे. २०२० च्या महासाथीनंतर लोणी काळभोर येथील आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या काही पत्रकांवर 'संगणकाद्वारे सिद्ध', 'कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रमाणित' असे शब्द दिसू लागले. औषधालय चालविणाऱ्या आमच्या स्नेह्यांनाही असाच अनुभव आहे. रुग्ण ते शब्द वाचतो आणि आपल्याकडे पाहून विचारतो, "वैद्यबुवा, हे खरे आहे का?" या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देणे योग्य नाही. उत्तर देण्यासाठी हे भाकीत कशावर आधारलेले असते आणि त्याची मर्यादा कोठे आहे, हे ठाऊक असावे लागते. प्रस्तुत पाठाचा हेतू तेवढाच आहे.

एपिटोप म्हणजे काय?

प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी असते. ही आम्ले २० प्रकारची आहेत. साखळीच्या लहान तुकड्यास पेप्टाइड म्हणतात. शरीरात शिरलेल्या प्रतिजनाच्या ज्या भागाशी प्रतिकारयंत्रणेचा प्रत्यक्ष संबंध येतो, तो भाग म्हणजे एपिटोप. अनोळखी माणसाला आपण त्याच्या सर्वांगावरून ओळखत नाही. चालण्याची ढब, आवाज किंवा चेहऱ्यावरील खूण एवढ्यावरून ओळखतो. एपिटोप ही अशीच ओळखखूण समजावी.

ही ओळख दोन प्रकारांनी पटते. बी-पेशी आणि त्यांनी निर्माण केलेली प्रतिपिंडे प्रतिजनाच्या पृष्ठभागाला थेट चिकटतात. हा पृष्ठभाग कधी सलग अमिनो आम्लांचा असतो. परंतु बहुधा साखळीत दूर असलेली आम्ले प्रथिनाच्या घड्या पडल्यामुळे शेजारी येऊन तो बनलेला असतो. पहिल्यास रेषीय आणि दुसऱ्यास रचनाश्रित एपिटोप असे म्हणता येईल.

टी-पेशींची रीत निराळी आहे. पेशीच्या आत प्रथिनाचे तुकडे होतात. त्यांतील काही तुकडे एचएलए नावाच्या रेणूच्या खाचेत बसतात आणि पेशीच्या पृष्ठभागावर मांडले जातात. टी-पेशी केवळ तुकडा पाहत नाही. तुकडा आणि तो धरणारा एचएलए रेणू या दोहोंना ती एकत्र पाहते. ही गोष्ट झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ साली दाखवून दिली आणि त्याबद्दल त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या वर्गाच्या एचएलए रेणूत साधारणतः ८ ते ११ आम्लांचा, बहुधा ९ आम्लांचा तुकडा बसतो. दुसऱ्या वर्गाच्या रेणूची खाच दोन्ही टोकांना मोकळी असल्याने तेथे याहून लांब तुकडा बसू शकतो.

२० प्रकारच्या आम्लांपासून ९ आम्लांचे किती निरनिराळे तुकडे संभवतात? हिशोब केल्यास ५१,२०० कोटी असे उत्तर येते. एकाच प्रथिनापुरते पाहावयाचे तर कोरोना विषाणूच्या काटेरी प्रथिनात १,२७३ आम्ले आहेत; त्यातून ९ आम्लांचे १,२६५ सलग तुकडे निघतात. प्रत्येक तुकडा प्रयोगशाळेत बनवून अनेक एचएलए प्रकारांशी तपासणे वेळखाऊ आणि खर्चाचे काम आहे. म्हणून आधी अनुमानाने निवड करावी आणि मग निवडलेल्या थोड्या तुकड्यांवर प्रयोग करावेत, हा मार्ग पुढे आला.

पुण्यातील पूर्वकार्य

या मार्गावरील एक महत्त्वाचे पाऊल पुण्यात पडले, याची माहिती आपल्यापैकी अनेकांना नसेल. डॉ. अशोक कोळस्कर आणि प्रसाद टोणगावकर यांनी पुणे विद्यापीठातून १९९० साली 'फेब्स लेटर्स' या नियतकालिकात एक पद्धती प्रसिद्ध केली. ३४ प्रथिनांवरील प्रयोगसिद्ध अशा १६९ प्रतिजनस्थानांची माहिती त्यांनी जमविली. त्यांपैकी २० पेक्षा कमी आम्ले असलेली १५६ स्थाने निवडली आणि प्रत्येक अमिनो आम्ल अशा स्थानी किती वेळा आढळते, याचा हिशोब मांडला. सिस्टीन, ल्युसिन आणि व्हॅलिन ही जलद्वेषी आम्ले जर प्रथिनाच्या पृष्ठभागावर आली, तर ती प्रतिजनस्थानाचा भाग असण्याची शक्यता अधिक, असे त्यांना आढळले. प्रत्येक आम्लास एक अंक द्यावयाचा, साखळीवर ७ आम्लांची खिडकी सरकवीत सरासरी काढावयाची आणि जेथे सरासरी वर जाईल तो भाग निवडावयाचा, अशी ही सोपी रीत होती. सुमारे ७५ टक्के अचूकतेचा निष्कर्ष त्यांनी नोंदविला. 'कोळस्कर-टोणगावकर पद्धती' या नावाने ती जगभर वापरली गेली.

पुढे १९९९ साली कोळस्कर आणि डॉ. ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या आवरण-प्रथिनाची त्रिमिती रचना संगणकाने अनुमानित करून तिच्यावरील रचनाश्रित एपिटोपांचा नकाशा मांडला. २००५ साली याच विद्यापीठातून रचनाश्रित एपिटोप शोधणारी 'सीईपी' ही संगणकीय सेवा सर्वांसाठी खुली झाली.

त्याच २००५ साली या क्षेत्राला जागे करणारे एक परीक्षणही प्रसिद्ध झाले. ब्लाइथ आणि फ्लॉवर या संशोधकांनी अमिनो आम्लांच्या गुणधर्मांवर आधारलेली ४८४ प्रमाणपत्रके ५० प्रथिनांवर तपासली. त्यांतील उत्तम पत्रकदेखील केवळ नशिबाने केलेल्या निवडीपेक्षा किंचितच सरस ठरले. यातून पूर्वीचे काम निरर्थक ठरत नाही. एका आम्लाला एक अंक देऊन एपिटोपासारखी गुंतागुंतीची गोष्ट पूर्णपणे पकडता येत नाही, आणि ज्या उदाहरणांवर पद्धती घडविली त्यांबाहेरच्या उदाहरणांवर तिची परीक्षा झाली पाहिजे, हे दोन धडे त्यातून मिळाले.

यंत्र शिकते कसे?

हे समजून घेण्यास आपल्याच शास्त्रातील परिभाषा उपयोगी पडते. अनुमान व्याप्तीवर उभे असते. जेथे धूम तेथे अग्नी, हा नियत संबंध पक्का असेल तरच पर्वतावरील धूमावरून अग्नीचे ज्ञान होते. आपणही जरणशक्तीवरून अग्नीचे आणि व्यायामशक्तीवरून बलाचे अनुमान करतो. व्याप्ती ठरते ती अन्वय आणि व्यतिरेक या दोन्ही प्रकारच्या उदाहरणांवरून.

यंत्राचेही तसेच आहे. त्याला एपिटोप असलेले आणि नसलेले, असे दोन्ही प्रकारचे तुकडे दाखविले जातात. प्रत्येक अमिनो आम्लाचे अंकांच्या ओळीत रूपांतर केलेले असते. हे अंक ठरावीक भारांनी गुणले जातात, त्यांची बेरीज होते आणि ती पुढील थराकडे जाते. असे अनेक थर ओलांडल्यावर शेवटी शून्य ते एक यांमधील एक अंक हाती येतो. तो खऱ्या उत्तराशी ताडून पाहिला जातो आणि जेवढी चूक झाली असेल तिच्या प्रमाणात सर्व भार किंचित कमी-जास्त केले जातात. ही आवर्तने लाखो वेळा होतात. थर पुष्कळ असल्यामुळे या रीतीस 'डीप' म्हणजे खोल म्हटले जाते. त्या शब्दात याहून अधिक अर्थ शोधू नये.

जुन्या पद्धतीत कोणता गुणधर्म महत्त्वाचा, हे माणूस ठरवीत असे. येथे तो यंत्र स्वतः शोधते. त्यामुळे शेजारच्या आम्लांचे परस्परसंबंधही त्याच्या हिशोबात येतात. मात्र सापडलेला हेतू ते आपल्याला शब्दांत सांगत नाही. व्याप्ती आहे, परंतु हेतू अव्यक्त आहे, अशी ही अवस्था होय.

भारतातील एक प्रारंभीचे उदाहरण पाहू. चंदीगड येथील साहा आणि राघव यांनी २००६ साली 'एबीसीप्रेड' ही पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात न्यूरल नेटवर्कला ७०० बी-पेशी एपिटोप आणि तितकेच इतर तुकडे शिकविले होते. अचूकता ६५.९३ टक्के आली. यातील 'इतर तुकडे' प्रथिनसंग्रहातून यदृच्छेने निवडलेले होते. ते एपिटोप नाहीत, असे प्रयोगाने सिद्ध झालेले नव्हते. व्यतिरेकाची बाजू अशी कच्ची राहणे ही या संपूर्ण क्षेत्राची जुनी अडचण आहे.

त्यानंतर दोन दिशांनी प्रगती झाली. एक म्हणजे माहितीचा साठा वाढला. अमेरिकेतील ला होया येथील संस्थेने जगभरातील प्रयोगसिद्ध एपिटोपांची 'आयईडीबी' ही खुली नोंदवही उभी केली. दुसरी म्हणजे यंत्राला आधी प्रथिनांची 'भाषा' शिकविण्यात आली. कोट्यवधी प्रथिनसाखळ्यांतील एखादे आम्ल झाकून ठेवावयाचे आणि ते यंत्राने ओळखावयाचे, असा तो अभ्यास असतो. अशा भाषाप्रारूपाचा आधार घेऊन डेन्मार्कमधील संशोधकांनी २०२२ साली 'बेपिप्रेड' या पद्धतीची तिसरी आवृत्ती सादर केली. प्रथिनाची घडी ओळखणाऱ्या 'अल्फाफोल्ड'च्या कर्त्यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. रचनाश्रित एपिटोपांच्या शोधास त्याचे मोठे साहाय्य होते.

टी-पेशींच्या बाबतीत 'नेटएमएचसीपॅन' ही पद्धती विशेष रूढ आहे. ती तुकड्याबरोबरच एचएलए रेणूच्या खाचेतील ३४ आम्लांचाही विचार करते. त्यामुळे ज्या एचएलए प्रकाराची थेट माहिती नाही, त्याविषयीही ती अंदाज देते. ती तुकड्याला क्रमांक देते. यदृच्छेने घेतलेल्या नैसर्गिक तुकड्यांच्या तुलनेत वरच्या ०.५ टक्क्यात येणारा तुकडा दृढ बंधाचा आणि वरच्या २ टक्क्यांत येणारा शिथिल बंधाचा मानला जातो.

येथे एक पायरी विसरता कामा नये. तुकडा खाचेत बसणे, तो पेशीत खरोखर तयार होऊन पृष्ठभागावर मांडला जाणे आणि टी-पेशीने त्याला प्रतिसाद देणे, या तीन स्वतंत्र घटना आहेत. यंत्र पहिल्या घटनेचे भाकीत चांगले करते, दुसरीचे बऱ्यापैकी करते. तिसरीचे भाकीत अद्याप दुर्बळ आहे. रोग्याच्या हिताचा संबंध मात्र तिसरीशी येतो.

अचूकतेच्या टक्क्यांचे गणित

'९५ टक्के अचूक' या शब्दांनी कोणीही प्रभावित होतो. त्याचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने तपासू.

समजा, १,००० तुकडे आहेत आणि त्यांतील २० खरे एपिटोप आहेत. आपले यंत्र खऱ्यांपैकी ९० टक्के ओळखते आणि खोट्यांपैकी केवळ ५ टक्क्यांना चुकून खरे ठरविते. म्हणजे २० पैकी १८ खरे एपिटोप ते पकडील. उरलेल्या ९८० पैकी ४९ तुकड्यांनाही ते एपिटोप म्हणेल. यंत्राने 'एपिटोप' म्हटलेले एकूण तुकडे ६७ झाले. त्यांत खरे १८, म्हणजे सुमारे २७ टक्के.

आता एकंदर अचूकता पाहा. १,००० पैकी ९४९ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळजवळ ९५ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. पत्रकावर छापला जातो तो ९५ चा. प्रयोगशाळेत तुकडे घेऊन बसणाऱ्याला भेटतो तो २७ चा. याहून गमतीची गोष्ट अशी की, 'यांत एकही एपिटोप नाही' असे डोळे मिटून सांगणारे यंत्रही ९८ टक्के अचूक ठरेल!

तरीही हे यंत्र निरुपयोगी नाही. १,००० ऐवजी ६७ तुकडे तपासावे लागतील आणि २० पैकी १८ खरे त्यांत सापडतील, ही श्रमाची मोठी बचत आहे. उपयोग निवडीसाठी आहे, निर्णयासाठी नाही.

परीक्षेत आणखी एक दोष शिरतो. शिकविताना दाखविलेल्या तुकड्यांशी एखाद-दुसऱ्या आम्लाचाच फरक असलेले तुकडे परीक्षेतही दिले, तर यंत्र पाठांतरावर उत्तीर्ण होते. कधी एपिटोप एका प्रकारच्या प्रयोगांतून आणि इतर तुकडे दुसऱ्या ठिकाणाहून आलेले असतात; मग यंत्र एपिटोप ओळखण्याऐवजी माहितीचा उगम ओळखू लागते. न्यायशास्त्रात यास उपाधी म्हणतात. जेथे अग्नी तेथे धूम, असे म्हणणारा ओल्या इंधनाची अट विसरतो, तसेच हे आहे.

सहज बल, एचएलए आणि प्रकृती

तिस्रैषणीय अध्यायात बलाचे सहज, कालज आणि युक्तिकृत असे तीन भेद सांगितले आहेत. एचएलए जनुके मातापित्यांकडून येतात आणि जन्मभर तीच राहतात. या अर्थाने त्यांचा विचार सहज बलाच्या विचाराशी जवळीक साधतो. परंतु सहज बल म्हणजेच एचएलए, असे समीकरण मांडणे आम्हास मान्य नाही. सहज बलाची कल्पना याहून व्यापक आहे.

एचएलएचे ४० हजारांहून अधिक भेद आजवर नोंदले गेले आहेत. एकाच विषाणूचे निरनिराळे तुकडे निरनिराळ्या माणसांत मांडले जातात, ते यामुळेच. या संदर्भात पुण्यातील आणखी एक काम आपल्या वाचकांस विशेष महत्त्वाचे वाटेल. डॉ. भूषण पटवर्धन, डॉ. कल्पना जोशी आणि डॉ. अरविंद चोप्रा यांनी २००५ साली ७६ व्यक्तींची प्रकृतिपरीक्षा आणि एचएलए-डीआरबी१ तपासणी यांची तुलना प्रसिद्ध केली. त्या गटात वातप्रकृतीच्या व्यक्तींत डीआरबी१*०२ हा भेद आढळला नाही. कफप्रकृतीत डीआरबी१*१३ आढळला नाही आणि डीआरबी१*१० चे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले. प्रकृतीचा विचार प्रतिकारशास्त्राच्या भाषेत तपासता येतो, हे दाखविण्याचे श्रेय या कामास दिले पाहिजे. त्याचबरोबर ७६ ही संख्या तीन प्रकृतींत आणि अनेक भेदांत विभागली की प्रत्येक कप्प्यात थोडीच माणसे उरतात, हेही ध्यानात घ्यावे. हा संबंध पुढील अभ्यासाचे दार आहे. त्यावरून एखाद्या रुग्णाची प्रकृती रक्ततपासणीने ठरविणे किंवा प्रकृतीवरून त्याची लसीस होणारी प्रतिक्रिया सांगणे योग्य होणार नाही.

यंत्राला शिकविणारी माहिती आजही समतोल नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत पुष्कळ आढळणाऱ्या ए*०२:०१ यासारख्या भेदांची माहिती विपुल आहे. भारतीयांत वारंवार आढळणाऱ्या ए*३३:०३, ए*०२:११ अशा भेदांची माहिती त्या मानाने कमी आहे. जांगल देशातील औषधांचा अनुभव आनूप देशातील रुग्णास तसाच लावू नये, हे आपण जाणतो. येथे तोच विवेक हवा. आपल्या लोकांचे रक्तनमुने, त्यांचे एचएलए भेद आणि त्यांचे प्रत्यक्ष प्रतिसाद नोंदले जातील, तेव्हाच यंत्राचे अनुमान आपल्या रुग्णांस विश्वासाने लागू होईल.

भाकितापासून लसीपर्यंतचे अंतर

एपिटोप कळला म्हणजे लस झाली, असा समज असेल तर पुढील उदाहरण पाहावे. मलेरियाच्या प्लाझ्मोडियम फॅल्सिपॅरम या जंतूच्या आवरण-प्रथिनात ॲस्परजीन, ॲलॅनिन, ॲस्परजीन आणि प्रोलिन या चार आम्लांची मालिका पुनःपुन्हा येते. १९८४ साली जनुकाच्या वाचनातून ती समोर आली आणि प्रतिपिंडे तिला ओळखतात, हेही समजले. हीच मालिका अंतर्भूत असलेली 'आर२१' ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झाली आणि तिचे उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. एपिटोपाच्या ज्ञानापासून या शिफारशीपर्यंत ३९ वर्षे गेली. लोणी काळभोरहून सोलापूर रस्त्याने पुण्यास जाताना मांजरी आणि हडपसर लागते. त्या परिसरातील या कारखान्याचे नाव आपण नित्य ऐकतो, पण तेथून निघणाऱ्या एका कुपीमागे किती वर्षांचे प्रत्यक्ष प्रयोग असतात, हे सहसा ध्यानात येत नाही.

कोरोनाच्या लसींतही कोविशील्डमध्ये संपूर्ण काटेरी प्रथिनाचा संदेश होता आणि कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला संपूर्ण विषाणू होता. महासाथीच्या काळात संगणकाने निवडलेल्या एपिटोपांच्या माळांवर पुष्कळ शोधनिबंध प्रसिद्ध झाले. परंतु आपल्याकडे कोट्यवधी लोकांनी घेतलेल्या या दोन लसी त्या मार्गाने बनलेल्या नव्हत्या.

भाकीत खरोखर कामास लावले जाते, असे एक क्षेत्र म्हणजे कर्करोग. प्रत्येक रुग्णाच्या अर्बुदातील विकृत प्रथिने वेगळी असतात, म्हणून तेथे यंत्राच्या निवडीवाचून गत्यंतर नाही. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या १५७ रुग्णांवरील चाचणीत प्रत्येकासाठी ३४ पर्यंत तुकडे निवडून स्वतंत्र एमआरएनए औषध बनविले गेले आणि ते रूढ प्रतिकार-उपचारासोबत दिले गेले. रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. हे निष्कर्ष २०२४ च्या आरंभी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. सांख्यिकीय दृष्ट्या निष्कर्ष सीमारेषेवर असल्याने मोठी चाचणी हाती घेण्यात आली. यंत्राने निवड केली. निर्णय रुग्णांवरील चाचणीवर सोपविला गेला. हा क्रम अनुकरणीय आहे.

आपल्या औषधालयाशी संबंध

प्रथम एक गल्लत दूर करू. एपिटोपाचे भाकीत हे रोगजंतूच्या प्रथिनाविषयी असते. गुळवेल, सुंठ किंवा तुळस यांच्या काढ्याविषयी ते काहीही सांगत नाही. वनस्पतीतील लहान रेणू एखाद्या प्रथिनाच्या खाचेत बसेल काय, हे संगणकावर पाहण्याच्या रीतीस डॉकिंग म्हणतात. ती वेगळी आहे. काही पत्रकांत या दोहोंची सरमिसळ आढळते. डॉकिंगमध्ये औषध पचते किती, शोषले जाते किती, रक्तात किती मात्रेने पोहोचते, यांपैकी कशाचाच विचार नसतो. अग्नी आणि मात्रा यांवाचून औषधाचा विचार आपण कधी करतो काय?

असे पत्रक हाती आल्यास पुढील पाच प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो.

१. नेमके कशाचे भाकीत केले आहे : बंधाचे, सादरीकरणाचे की प्रतिसादाचे?
२. यंत्राची परीक्षा पूर्वी न पाहिलेल्या आणि पुरेशा भिन्न उदाहरणांवर झाली काय?
३. व्यतिरेकाची उदाहरणे प्रयोगसिद्ध होती की यदृच्छेने घेतलेली?
४. ज्या लोकांसाठी दावा केला, त्यांचे एचएलए भेद शिकवणीत होते काय?
५. भाकितानंतर प्रयोगशाळेत, प्राण्यांत किंवा माणसांत काय पडताळून पाहिले?

पाचव्या प्रश्नास उत्तर नसेल, तर ते पत्रक संशोधकाच्या मेजावर शोभते. विक्रीच्या काउंटरवर नाही. औषधालयचालकांनी हेही स्मरणात ठेवावे की, १९५४ च्या औषधी व जादूचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाचे बंधन आपल्यावर आहे. 'संगणकाने सिद्ध' या शब्दांनी त्यातून सूट मिळत नाही.

एचएलएचे ज्ञान आपल्या व्यवसायास दुसऱ्या बाजूनेही स्पर्श करते. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदजालाने २०२३ साली हळदीच्या पूरक गोळ्यांशी संबंधित १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी ७ जणांत बी*३५:०१ हा एचएलए भेद आढळला. सामान्य लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण फारच अधिक आहे. स्वयंपाकातील हळदीस यामुळे बोल लावण्याचे कारण नाही. मात्र हळदीचा संहत अर्क, त्यातही शोषण वाढविण्यासाठी मिरीचे सत्त्व मिसळलेला, दीर्घकाळ घेणाऱ्या रुग्णास अरुची, हृल्लास, मूत्रपीतता किंवा नेत्रपीतता दिसल्यास तो अर्क त्वरित थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी. निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या द्रव्यालाही एखादी व्यक्ती तिच्या सहज घडणीमुळे विपरीत प्रतिसाद देऊ शकते. सात्म्य-असात्म्याचा विचार करणाऱ्या वैद्यास हे नवीन वाटू नये. अशा रुग्णाची नोंद ठेवून ती औषधसुरक्षा यंत्रणेस कळविणे, हे आपले कर्तव्य आहे.

समारोप

विमानस्थानात रोगज्ञानासाठी उपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान ही तीन साधने सांगितली आहेत आणि तिन्हींच्या एकत्रित परीक्षेनंतरच निर्णय करावा, असा दंडक आहे. डीप लर्निंग हे अनुमानाचे अत्यंत समर्थ साधन आहे. ५१,२०० कोटी शक्यतांच्या अरण्यातून ते वाट दाखविते. त्याची व्याप्ती जितक्या चांगल्या उदाहरणांवर उभी असेल, तितकेच ते विश्वासार्ह असते. त्याचा तिरस्कार करणे अज्ञानाचे ठरेल आणि त्यालाच प्रत्यक्ष मानून औषध विकणे रुग्णाशी प्रतारणा ठरेल. वैद्यबंधूभगिनींनी प्रकृती, सात्म्य, औषध, मात्रा आणि परिणाम यांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या, तर उद्याच्या यंत्रांना आपल्या रुग्णांविषयी शिकण्यासारखे काही मिळेल. हे काम मोठ्या प्रयोगशाळेवाचूनही, आपल्या चिकित्सालयातील एका वहीत, आजपासून सुरू करता येते.

स्वाध्याय

१. रेषीय आणि रचनाश्रित एपिटोप यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. १,००० तुकड्यांत २० ऐवजी २०० खरे एपिटोप असते, तर वरील उदाहरणातील यंत्राने 'एपिटोप' म्हटलेल्या तुकड्यांपैकी किती टक्के खरे ठरले असते? (उत्तर : २२० पैकी १८०, सुमारे ८२ टक्के. तेच यंत्र, परंतु क्षेत्र बदलताच त्याच्या शब्दाचे मोल बदलते.)
३. आपल्या औषधालयात सध्या असलेले एक पत्रक घेऊन त्यास वरील पाच प्रश्न लावा आणि उत्तरे लिहून काढा.